८० पौंडांचं तिकीट : महिलांच्या पहिल्या कसोटी दौऱ्याची गोष्ट

ज्यांना भाग ऐकायला वेळ मिळाला नाही, किंवा लोकलच्या गर्दीत अर्धाच ऐकू आला, त्यांच्यासाठी हा लेखी अवतार. बोलताना जसं बोललो तसंच बरंचसं ठेवलंय, फक्त अडखळणं काढून टाकलंय.

२ नोव्हेंबर २०२५ ची रात्र आठवतेय ना? नवी मुंबईचं डी. वाय. पाटील स्टेडियम, खचाखच भरलेलं. हरमनप्रीतने मागे धावत जाऊन शेवटचा झेल घेतला आणि भारताच्या मुलींनी वर्ल्ड कप जिंकला. आपल्यापैकी कितीतरी जण त्या रात्री मोबाइल हातात धरूनच झोपले असतील.

आज आपण त्या रात्रीपासून जवळपास ९१ वर्षं मागे जाणार आहोत. ऑस्ट्रेलियातलं ब्रिस्बेन, २८ डिसेंबर १९३४. त्या दिवशी जगातला पहिला महिला कसोटी सामना सुरू झाला, इंग्लंड विरुद्ध ऑस्ट्रेलिया. धावा, विकेटा, शतकं हे सगळं मी सांगणारच आहे. पण आजच्या गोष्टीच्या मध्यभागी आहे एक बोटीचं तिकीट. किंमत ८० पौंड. हे तिकीट कोणी काढलं आणि कोणाला काढता आलं नाही, हे शेवटपर्यंत लक्षात ठेवा.

आधी थोडी पार्श्वभूमी

बायका क्रिकेट खेळायला विसाव्या शतकात लागल्या असं वाटत असेल, तर थांबा. २६ जुलै १७४५ रोजी इंग्लंडमधल्या सरे परगण्यात ब्रॅम्ली आणि हॅम्बल्डन या दोन गावांच्या मुलींमध्ये सामना झाल्याची नोंद आहे. एका संघाच्या डोक्यावर निळ्या फिती, दुसऱ्याच्या डोक्यावर लाल. हॅम्बल्डनने ११९ विरुद्ध १२७ असा तो जिंकला. म्हणजे आपल्याकडे नानासाहेब पेशवे गादीवर होते, तेव्हाची ही गोष्ट.

पण हे सगळं हौसेचं. संघटना अशी नव्हतीच. ती आली १९२६ मध्ये. हॉकी खेळणाऱ्या काही इंग्लिश बायका उन्हाळ्याच्या सुट्टीत एकत्र जमून क्रिकेट खेळल्या, मजा आली, आणि त्यातून ‘विमेन्स क्रिकेट असोसिएशन’ उभी राहिली. या संघटनेचे कपड्यांचे नियम ऐकण्यासारखे आहेत. पोशाख पांढरा किंवा फिक्या रंगाचा हवा. गुडघ्यावर बसलं की झग्याची कड जमिनीला टेकली पाहिजे. बिनबाह्यांचा चालणार नाही. पायमोजे पारदर्शक चालणार नाहीत. खेळू द्या, पण कुणाला नावं ठेवायला जागा नको, असा सगळा मामला.

इकडे ऑस्ट्रेलियातही बायका खेळत होत्या. तिथे १९३१ मध्ये राष्ट्रीय पातळीवरची संघटना झाली. तिच्या उभारणीत सिडनीच्या मार्गारेट पेडनचा मोठा वाटा होता. तिची बहीण बार्बराही क्रिकेटपटू, आणि व्यवसायाने आर्किटेक्ट. या ऑस्ट्रेलियन मंडळींनी इंग्लंडला आमंत्रण धाडलं : या की खेळायला आमच्याकडे!

बॉडीलाइनची जखम ताजी होती

आता वेळ कोणती होती ते बघा. १९३२-३३ मध्ये इंग्लंडचा पुरुष संघ ऑस्ट्रेलियात आला होता. कर्णधार डग्लस जार्डिन, हातात हॅरॉल्ड लारवूडसारखा वेगवान गोलंदाज, आणि डोक्यात एकच विचार, ब्रॅडमनला रोखायचं. त्यासाठी चेंडू थेट फलंदाजाच्या अंगावर टाकायचे आणि लेग साइडला क्षेत्ररक्षकांचं कडं उभं करायचं. हीच ती ‘बॉडीलाइन’. ॲडलेडच्या कसोटीत ऑस्ट्रेलियाचा कर्णधार वुडफुलला छातीवर चेंडू लागला, यष्टिरक्षक ओल्डफिल्डच्या कवटीला तडा गेला. दोन्ही देशांच्या क्रिकेट मंडळांमध्ये तारांवर तारा गेल्या. साध्या खेळावरून दोन देशांचे संबंध बिघडायची वेळ आली.

त्यानंतर दोन वर्षांच्या आतच इंग्लंडच्या पंधरा मुली ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यावर उतरल्या. लोकांना उत्सुकता होती, थोडी टिंगलही होती. पुरुषांच्या मालिकेला ‘ॲशेस’ म्हणतात हे तुम्हाला माहीत असेलच. या मुलींनी आपल्या मालिकेला ते नाव लावलं नाही. आम्ही हिशेब चुकते करायला आलेलो नाही, क्रिकेट खेळायला आलोय, अशी त्यांची भूमिका होती. (महिलांच्या मालिकेला ॲशेस हे नाव मिळालं ते थेट १९९८ मध्ये. तेव्हा लॉर्ड्सवर सह्या केलेली एक बॅट जाळून रीतसर राख करण्यात आली!)

पंधराजणी कोण होत्या?

आता येऊ या तिकिटावर.

इंग्लंडच्या संघटनेकडे पैसे नव्हते. ऑस्ट्रेलियात उतरल्यावर राहण्या-जेवण्याची सोय यजमान करणार होते, पण बोटीचं भाडं प्रत्येकीने स्वतः भरायचं होतं. ८० पौंड. त्या काळी इंग्लंडमध्ये कारखान्यात राबणाऱ्या बाईची आठवड्याची सरासरी कमाई दोन पौंडांच्याही आत होती. म्हणजे पोटाला चिमटा काढून, एक पैसाही खर्च न करता चाळीस आठवड्यांहून जास्त काम केलं, तर तिकीट निघणार. आणि नंतर जवळपास सहा महिने बिनपगारी रजा. अशी रजा कोणता कारखाना देणार होता?

त्यामुळे निवड दोन चाळण्यांमधून झाली. पहिली चाळणी खेळाची, दुसरी खिशाची. बोटीवर चढल्या त्या घरची परिस्थिती बरी असलेल्या, शिकलेल्या, शाळेत खेळ शिकवणाऱ्या अशा मुली. संघ चांगला होता, त्यात वाद नाही. पण तो इंग्लंडच्या सर्वोत्तम पंधराजणींचा होता असं म्हणता येत नाही. ज्या चांगलं खेळत होत्या आणि ज्यांना परवडत होतं, अशा पंधराजणींचा तो संघ होता.

इथे लारवूडची आठवण काढतो. लारवूड हा नॉटिंगहॅमशायरमधल्या कोळशाच्या खाणीत काम करणारा पोरगा. चौदाव्या वर्षी खाणीत उतरला. पुरुषांच्या क्रिकेटमध्ये व्यावसायिक खेळाडूला पैसे मिळायचे, म्हणून तो ऑस्ट्रेलियापर्यंत पोहोचला आणि इतिहासात गेला. आता त्याच खाणीच्या वस्तीत एखादी मुलगी तितकाच भन्नाट चेंडू टाकत असती, तर? महिला क्रिकेटमध्ये पैसे मिळायची सोयच नव्हती, सगळा हौशी कारभार. तिच्यासाठी ऑस्ट्रेलिया नकाशावरच राहिला असता. तिचं नाव आपल्याला माहीत नाही, कारण माहीत होण्याचा रस्ताच बंद होता.

संघाची कर्णधार होती २७ वर्षांची बेट्टी आर्चडेल. कायद्याचं शिक्षण घेतलेली. तिची आई हेलन आर्चडेल ही बायकांच्या मताधिकारासाठी लढणारी कार्यकर्ती, खिडक्यांच्या काचा फोडल्याबद्दल तुरुंगात जाऊन आलेली. अशा घरातली मुलगी टीमची मीटिंग कशी घेत असेल, कल्पना करा!

आणि सलामीला होती मर्टल मॅक्लेगन. वडील ब्रिटिश सैन्यात अधिकारी. तिचा जन्म कुठला माहितीये? अंबाला. आपल्या हरियाणातलं, तेव्हाच्या पंजाबातलं अंबाला! फलंदाजी सलामीला, गोलंदाजी ऑफस्पिन. हे नाव लक्षात ठेवा, पुढच्या पाच मिनिटांत हीच धुमाकूळ घालणार आहे.

ब्रिस्बेन : सात बळी, दहा धावा

मैदान ब्रिस्बेनचं एक्झिबिशन ग्राउंड. सहा वर्षांपूर्वी याच मैदानावर डॉन ब्रॅडमनने आपली पहिली कसोटी खेळली होती. ऑस्ट्रेलियाची कर्णधार मार्गारेट पेडन. सामना तीन दिवसांचा.

ऑस्ट्रेलियाने पहिली फलंदाजी केली आणि मॅक्लेगनने चेंडू हातात घेतला. तिचं पृथक्करण ऐका : १७ षटकं, त्यातली ११ निर्धाव, १० धावा, ७ बळी. ऑस्ट्रेलिया सर्वबाद ४७. घरच्या प्रेक्षकांसमोर, इतिहासातल्या पहिल्याच डावात ४७!

पण ऑस्ट्रेलियानेही सहज सोडलं नाही. त्यांच्या ॲन पामरने फक्त १८ धावांत इंग्लंडचे ७ गडी उडवले. म्हणजे महिलांच्या पहिल्याच कसोटीत दोन्ही बाजूंनी सात-सात बळी घेणारी एकेक गोलंदाज. इंग्लंडने तरीही १५४ केल्या, त्यात मॅक्लेगनच्या ७२. गोलंदाजीतही तीच, फलंदाजीतही तीच. दुसऱ्या डावात ऑस्ट्रेलियाने जरा चिवटपणा दाखवला, एसी शेव्हिल ६३ धावांवर नाबाद राहिली, संघाच्या झाल्या १३८. इंग्लंडपुढे लक्ष्य उरलं ३२ धावांचं. एक गडी गमावून ते पार झालं. पहिली महिला कसोटी इंग्लंडने ९ गडी राखून जिंकली.

पुढचा सामना सिडनीला, आणि तोही नेहमीच्या पुरुषांच्या मोठ्या मैदानावर, म्हणजे सिडनी क्रिकेट ग्राउंडवर. जानेवारी १९३५. तिथे मॅक्लेगनने ११९ धावा केल्या. महिला कसोटीतलं हे पहिलं शतक. इंग्लंड ८ गडी राखून विजयी. तिसरी कसोटी मेलबर्नच्या एमसीजीवर, ती अनिर्णित राहिली. मालिका इंग्लंडने २-० जिंकली.

आता एक गंमत सांगतो. ऑस्ट्रेलियाने या मुलींना १९३४-३५ मध्येच सिडनी आणि मेलबर्नची मोठी मैदानं दिली. इंग्लंडमध्ये क्रिकेटचं माहेरघर म्हणवणाऱ्या लॉर्ड्सवर महिलांचा आंतरराष्ट्रीय सामना कधी झाला? ऑगस्ट १९७६ मध्ये. तब्बल ४१ वर्षांनी!

शूबॉक्सच्या कारखान्यातली पेगी

ऑस्ट्रेलियाच्या संघात १७ वर्षांची एक लेगस्पिनर होती, पेगी अँटोनियो. मेलबर्नमधल्या बंदराजवळच्या कष्टकरी वस्तीत वाढलेली. बुटांचे खोके बनवणाऱ्या कारखान्यात काम करायची. चेंडू असा वळवायची, की लोक तिला ‘गर्ल ग्रिमेट’ म्हणायला लागले. क्लॅरी ग्रिमेट हा तेव्हाचा ऑस्ट्रेलियाचा दादा लेगस्पिनर, त्याच्यावरून हे नाव.

पेगी या मालिकेत खेळली, कारण सामने घरच्या देशात होते. पण १९३७ मध्ये ऑस्ट्रेलियाचा संघ परतीच्या दौऱ्यावर इंग्लंडला निघाला, तेव्हा भाडं भरायची पाळी ऑस्ट्रेलियन मुलींवर आली. ७५ पौंड. कारखान्यातल्या पोरीने कुठून आणायचे? शेवटी एका हितचिंतकाने तिचे पैसे भरले, म्हणून ती जाऊ शकली. त्या दौऱ्यात नॉर्दॅम्प्टनला ऑस्ट्रेलियाने पहिल्यांदा इंग्लंडला कसोटीत हरवलं, ३१ धावांनी. मालिका १-१ अशी सुटली.

त्या दौऱ्यासाठी खेळाडूंना घातलेले नियम वाचले की हसावं की रडावं कळत नाही. दारू, सिगारेट, जुगार बंद. नवऱ्याला किंवा नातेवाइकाला सोबत आणायचं नाही. बोटीवर रात्रीच्या जेवणानंतर वरच्या डेकवर जायचं नाही. दहाला झोपायचं. म्हणजे तिकीट स्वतःच्या पैशाने काढायचं, आणि झोपायची वेळ मात्र दुसऱ्याने ठरवायची!

पेगीने त्या दौऱ्यानंतर लवकरच क्रिकेट सोडलं. वय तेव्हा विशीच्या आसपास. आज त्या वयात आपल्याकडच्या मुली नुकत्या कुठे डब्ल्यूपीएलच्या लिलावात दिसायला लागतात.

ख्राइस्टचर्च : एका दिवसात ४७५ धावा

परत १९३५ मध्ये येऊ या. ऑस्ट्रेलियानंतर इंग्लंडच्या मुली न्यूझीलंडला गेल्या. तिथली महिला क्रिकेट संघटना जेमतेम आदल्या वर्षी, १९३४ मध्ये उभी राहिलेली. १६ फेब्रुवारीला ख्राइस्टचर्चच्या लँकेस्टर पार्कवर न्यूझीलंडची पहिली महिला कसोटी सुरू झाली.

न्यूझीलंड सर्वबाद ४४. त्याच दिवशी इंग्लंडने ४ बाद ४३१ धावा काढल्या. एका दिवसात दोन्ही संघांच्या मिळून ४७५ धावा! यष्टिरक्षक-फलंदाज बेट्टी स्नोबॉलने १८९ केल्या, मॉली हाइडने ११०. इंग्लंडने ५ बाद ५०३ वर डाव घोषित केला आणि सामना एक डाव आणि ३३७ धावांनी जिंकला.

या एकतर्फी सामन्याला नावं ठेवायच्या आधी जरा थांबा. न्यूझीलंडच्या मुलींना याआधी असं क्रिकेट बघायलाच मिळालं नव्हतं. तुलना करायची कुणाशी, शिकायचं कुणाकडून? दौरा झाला म्हणून त्यांना कळलं की अंतर किती आहे. हरल्या, पण त्यांची आंतरराष्ट्रीय क्रिकेटची सुरुवात तिथूनच झाली.

१८९ चं पुढे काय झालं?

स्नोबॉलचा १८९ हा महिला कसोटीतला सर्वोच्च वैयक्तिक धावांचा विक्रम झाला आणि तो टिकला. किती वर्षं? दहा नाही, वीस नाही. ५१ वर्षं!

तो मोडला १९८६ मध्ये, इंग्लंडमधल्या वुस्टरला. मोडणारी होती इंदूरची संध्या अगरवाल. तिने केल्या १९०. एकच धाव जास्त! इंग्लंडच्या मुलीचा विक्रम इंग्लंडच्याच भूमीवर, भारताच्या मुलीने मोडला. त्या दौऱ्यावर पुण्याची शुभांगी कुलकर्णी होती, मुंबईची डायना एडुल्जी होती. याच दौऱ्यात डायनाला लॉर्ड्सच्या पॅव्हेलियनमध्ये जाऊ दिलं नाही, कारण ती बाई. लॉर्ड्सचा मालक क्लब म्हणजे एमसीसी. त्यावर डायनाचा टोला प्रसिद्ध आहे : या क्लबने आपलं नाव बदलून एमसीपी ठेवावं. एमसीपी म्हणजे मेल शोव्हिनिस्ट पिग!

आणि आपल्याकडच्या मुली तिथपर्यंत पोहोचल्या कशा? आपली महिला क्रिकेट संघटना १९७३ मध्ये लखनौला नोंदली गेली. पहिली राष्ट्रीय स्पर्धा त्याच वर्षी एप्रिलमध्ये पुण्यात झाली. संघ किती? तीन. मुंबई, महाराष्ट्र आणि उत्तर प्रदेश. १९७६ मध्ये वेस्ट इंडिजविरुद्ध भारताची पहिली महिला कसोटी मालिका झाली. त्या पिढीच्या खेळाडूंनी नंतर मुलाखतींमधून सांगितलंय : रेल्वेच्या अनारक्षित डब्यातला प्रवास, डॉर्मिटरीत जमिनीवर झोपणं, मोजक्या बॅटी सगळ्यांनी वापरणं. बोटीऐवजी रेल्वे आली होती, हिशेब तोच होता. खेळायचं असेल तर झळ आपणच सोसायची.

२००६ मध्ये महिला क्रिकेट बीसीसीआयच्या छत्राखाली आलं. २०२२ मध्ये पुरुष आणि महिलांची मॅच फी सारखी झाली : कसोटीला १५ लाख, वनडेला ६ लाख, टी-ट्वेंटीला ३ लाख. १९३४ च्या बोटीपासून मोजलं, तर या निर्णयाला ८८ वर्षं लागली.

शेवटी, बेट्टी आर्चडेल

कर्णधार बेट्टीचं पुढे काय झालं, हे सांगून थांबतो. दुसऱ्या महायुद्धात ती ब्रिटिश नौदलाच्या महिला दलात होती. युद्ध संपल्यावर ती पुन्हा ऑस्ट्रेलियात आली आणि या वेळी कायमचीच. सिडनी विद्यापीठातल्या विमेन्स कॉलेजची प्रमुख झाली, मग तिथल्याच एका मोठ्या मुलींच्या शाळेची मुख्याध्यापिका. मुलींच्या अभ्यासक्रमात तिने भौतिकशास्त्र आणलं. गणवेशातले हातमोजे आणि टोप्या काढून टाकल्या. खेळायला म्हणून आलेली ही बाई त्या देशातल्या मुलींच्या पिढ्या घडवून गेली.

१९९८ मध्ये एमसीसीने अखेर महिलांना सभासद करून घ्यायचं ठरवलं. १९९९ मध्ये पहिल्या दहाजणींना मानद आजीव सभासदत्व दिलं गेलं, त्यात बेट्टी आर्चडेल होती. वय वर्षं ९१. पुढच्याच वर्षी, २००० मध्ये, ती गेली. ज्या दारातून डायनाला परत पाठवलं होतं, ते दार उघडलं तेव्हा १९३४ च्या कर्णधाराच्या हातात काठी यायची वेळ झाली होती.

मंडळी, या दौऱ्याचे आकडे शोधलेत तर सगळे मिळतील. ७ बाद १०, ११९, १८९. पण ज्या मुलींकडे ८० पौंड नव्हते म्हणून त्या बंदरावरूनच, किंवा घरातूनच, परत फिरल्या, त्यांचा आकडा कोणत्याही धावफलकावर नाही. आणि तो प्रश्न संपलाय असं मला वाटत नाही. टीव्हीवर दिसणाऱ्या पंधराजणींना आज पैसे मिळतात, चांगले मिळतात, आणि ते व्हायलाच हवं होतं. पण गावातल्या, तालुक्यातल्या मैदानावरच्या मुलीला अकादमीची फी, किट बॅग आणि पहाटेच्या एसटीचं भाडं अजूनही घरूनच मागावं लागतं. भावाला बॅट घेतली, आता तुला कशाला, हे वाक्य तुमच्यापैकी अनेकींनी ऐकलं असेल.

तुमच्या शाळेत अशी एखादी मुलगी होती का, जी मुलांपेक्षा लांब सिक्स मारायची आणि दहावीनंतर मैदानावर दिसलीच नाही? असेल तर तिला आजचा भाग पाठवा. आणि तिचं खेळणं नेमकं कशामुळे थांबलं, हे तिला एकदा विचारा. तिची इच्छा असेल, तर ती गोष्ट आम्हालाही कळवा.

भेटू पुढच्या भागात. तोपर्यंत ऐकत राहा, वाचत राहा.